पेंडीचा आहेर

माळेवाडीत कुणाच्या दारात मांडव पडो, शाळेत झेंडावंदन होवो, की सोसायटीवर नवा चेअरमन बसो, शेवटी माइक हणमंतराव बिराजदारांच्या हातात जायचाच. भाषणं ठोकणारे गावात पुष्कळ होते, पण आभार मानावेत ते हणमंतरावांनीच. मांडववाला, आचारी, बँडवाला, पाण्याचा टँकर आणणारा, एकाचंही नाव सुटायचं नाही. एका साखरपुड्यात त्यांनी लाइट न घालवल्याबद्दल लाइनमनचे आभार मानले, तेव्हा पंगतीत बसलेला तो बिचारा घास हातात धरून उभा राहिला. माणूस मोठा सरळ. फक्त माइक हातात आला की कुठं थांबावं ते त्यांना कळायचं नाही, आणि एवढ्या एका खोडीपायी यंदा त्यांच्या लेकीचा खेळ बंद पडायची वेळ आली.

लेक म्हणजे सृष्टी. बापाला ती दादा म्हणायची. लातूरच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, हॉस्टेलवर राहायची आणि कबड्डी खेळायची. चढाईला गेली की समोरच्या पोरी आधी मागं सरकायच्या, मग तिला धरायचं बघायच्या. तिला लातूरला पाठवायचं ठरलं तेव्हा भावकीनं लई आदळआपट केली होती. पोरीच्या जातीनं चड्डी घालून मैदानात उतरायचं, आणि चार गावच्या माणसांनी बघत बसायचं? हणमंतरावांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "माझी पोरगी हाय, मी बघून घेतो." आणि त्यांनी बघून घेतलंही. हॉस्टेलची फी, बूट, गुडघ्याच्या पट्ट्या, कशाला म्हणून कमी पडू दिलं नाही. हे त्यांचं मोठेपण कुणी नाकारू नये.

दिवाळी झाली आणि सृष्टीच्या कॉलेजनं ढाल जिंकली. गोदा-मांजरा क्रीडा मंडळ म्हणून आहे, नांदेड-लातूरकडच्या कॉलेजांचे सामने तेच भरवतं. मंडळाच्या संघात सृष्टीची निवड झाली. संघ राज्याच्या स्पर्धेला पुण्याला जायचा होता. निलंग्यात पशुखाद्याचं मोठं दुकान आणि लातूरला दुसरं असलेल्या मलप्पाशेठनं लगेच सत्कार ठेवला. सृष्टीचा सराव चालू, तिला काही येता आलं नाही. तिच्या वतीनं फेटा बांधून घ्यायला बाप हजर होताच.

फेटा झाला, शाल झाली, नारळ झाला आणि हणमंतराव आभाराला उभे राहिले. आधी कॉलेज, मग सर, मग सृष्टीची आई. तिथं थांबायचं ना! पण नाव राहून जाईल ही धास्ती. ते म्हणाले, "आता खरं सांगतो मंडळी. पोरीच्या अंगात ताकद आली कुठून? म्हशीच्या दुधातून. आन् म्हशीच्या दुधात ताकद कुठून आली? मलप्पाशेठच्या पेंडीतून. तवा मी म्हशीचे आन् मलप्पाशेठचे, दोघांचेबी आभार मानतो."

टाळ्यांनी मांडव दणाणला. मलप्पाशेठचे डोळे भरून आले. त्यानं तिथंच जाहीर केलं, बिराजदारांच्या घरी एक टेम्पो पेंड आहेर म्हणून पोचेल. आणि ती पोचली. आता समोरचा चार माणसांत आहेर देतोय आणि तुम्ही नको म्हणताय, हे आपल्याकडं होतं का? नको म्हटलेला आहेर म्हणजे देणाऱ्याच्या थोबाडीत मारल्यासारखं. हणमंतरावांनी गोण्या गोठ्यात थप्पीला लावल्या.

त्या भाषणाचा कुणीतरी व्हिडिओ केला, तो घरोघरच्या मोबाइलवर फिरला. पाठोपाठ निलंग्यापासून लातूरपर्यंत रस्त्यानं फ्लेक्स लागले. डाव्या अंगाला हात वर केलेली सृष्टी, उजव्या अंगाला तेल लावल्यासारखी चकचकीत म्हैस, आणि दोघींच्या मधी मोठ्या अक्षरांत 'आमच्या ताकदीचं गुपित'. हणमंतराव मोटरसायकल काढून एकेक फ्लेक्स बघून आले.

आणि मग एका सकाळी भुजंग सरांचा फोन आला. हे सृष्टीच्या कॉलेजचे खेळाचे सर. माणूस शांत, पण त्या दिवशी आवाज बसलेला होता.

"हणमंतराव, तुम्ही मलप्पाकडनं पेंड घेतली का?"

"घेतली की. आहेर दिला त्यानं."

"तेच नडलंय. मंडळानं नोटीस काढली. सृष्टीला का खेळू द्यावं, असं विचारलंय."

हणमंतरावांना आधी काही उमगेना. सरांनी समजावून सांगितलं. जाहिरातीत दिसून खेळाडूनं मानधन घ्यायला आता बंदी नव्हती, पण यंदापासून मंडळानं त्याला नियम लावले होते. करार आधी मंडळाला दाखवायचा. संमती खेळाडूची स्वतःची हवी. मानधन त्याच्याच खात्यात पडलं पाहिजे. नातेवाइकांनी, सरांनी, कुणीही त्याच्या नावावर काही घ्यायचं नाही, मग ते रोख असो, मोबाइल असो, नाहीतर गोणी असो. मोडला नियम की तो हंगाम बाहेर. नियम काही उगाच आला नव्हता. हिमायतनगरकडच्या एका धावणाऱ्या पोरीचा फोटो एका कापडवाल्यानं गावोगाव लावला होता. पोरीच्या हाती लागला एक ट्रॅकसूट, बाकीचं सगळं तिच्या चुलत्याच्या घशात गेलं.

"पर मी काय तसला चुलता हाय का, सर?" हणमंतराव म्हणाले. "आन् हे मानधन कुठंय? आहेर हाय तो."

"ते तुम्ही नांदेडला मंडळाला सांगा. मला पटलं तरी काय उपयोग."

त्या दिवसापासून हणमंतरावांना घास उतरेना. मळ्यात गेले तर उसाला पाणी कुठल्या सरीत सोडलंय याचं भान नसायचं. आपण पोरीसाठी भावकीशी भांडलो आणि आपणच तिच्या पायात पाय घातला, हेच डोक्यात घोळायचं. अयोध्याबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, एरवी दोन शब्दांत नवऱ्याची जिरवायच्या. पण त्यांची ही दशा बघून त्याही आता नुसतं ताट पुढं सारायच्या. सृष्टीला फोन केला तर ती नुसतं हाव, न्हाई म्हणायची. आवाजात काहीच नाही. ती दोन महिने घरीही आली नव्हती. सराव चालू आहे म्हणायची.

शेवटी हणमंतरावांनी ठरवलं, आहेर परत करायचा. मिटला विषय. पण थप्पीतल्या बऱ्याच गोण्या म्हशीनं फस्त केल्या होत्या. त्या कशा परत करणार? तसल्याच गोण्या विकत आणून भर घालावी, तर तसल्या गोण्या सबंध निलंग्यात एकट्या मलप्पाशेठकडं. म्हणजे हा माणूस मलप्पाच्या दुकानात गेला, रोख देऊन मलप्पाकडून पेंड घेतली, घरचा माणूस म्हणून मलप्पानं भावात सूटही दिली, आणि तीच पेंड दारात उभ्या टेम्पोतल्या उरलेल्या गोण्यांवर चढवून हणमंतराव म्हणाले, "आता हे समदं उतरून घ्या. तुमचा आहेर परत."

मलप्पाशेठ बघतच राहिला. मग त्याचा चेहरा उतरला.

"माझ्याकडनं काय चुकलं, मालक?"

"चुकलं न्हाई. पोरीचा खेळ बंद पडून राहिलाय ह्या पेंडीपायी."

"आहेर परत घेतेत व्हय कुणी? सुम्ने बसा की गप. उद्या म्हनाल, पोरीच्या लग्नातला आहेरबी घिऊन जा. माझ्या दुकानाची पायरी चढू नका मग."

"मग निदान फ्लेक्स तरी काढा."

"छापून लावलेलं कामून काढू? मी काय चोरी केलो? तुमीच बोललाव की माइकवर."

टेम्पो भरलेला परत आला आणि गोठ्यातली थप्पी आणखी उंच झाली.

नांदेडला जायचा दिवस उजाडला. हणमंतराव निलंग्याहून एस.टी.नं लातूरला आले. स्टँडवर सृष्टी आणि भुजंग सर उभे होते. सृष्टी वाळल्यासारखी दिसली. त्यांनी पाठीवर हात ठेवला, तर ती "गाडी लागली" म्हणून पुढं झाली. नांदेडच्या गाडीत बापलेक शेजारी बसले, सर मागच्या सीटवर.

सरांनी वाट सांगून ठेवली होती. खेळाडूला न विचारता दुसऱ्याच कुणी तिचं नाव वापरलं असेल, तर तिच्यावर दोष येत नाही, असंही नियमात होतं. हणमंतरावांनी ती वाट घट्ट धरली. चाकूर मागं पडलं तसे ते लेकीच्या कानाशी लागले.

"हे बघ, मंडळाच्या मॅडम इचारतील. तू म्हनायचं, मला काय बी म्हाईत न्हाई. समदं दादानं केलं. माझ्यावर ढकलायचं, काय? भ्यायचं न्हाई."

सृष्टी खिडकीतून बाहेर बघत होती.

"ऐकून राहिलीस ना?"

"हाव."

अहमदपूर आलं, तिथं त्यांनी तेच पुन्हा सांगितलं. लोह्याजवळ आणखी एकदा. त्यांना खरी धास्ती याचीच होती. पोरगी मऊ मनाची. चार परक्या माणसांसमोर बापाला नाव ठेवायची पाळी आली की ती मागं सरेल, संमती होती म्हणून बसेल, आणि जायची पुण्याला ती राहील इथंच. पोरगी बोलत नाही म्हणजे तिच्या मनात तेच चाललंय, असं त्यांनी धरूनच चाललं होतं.

मंडळाचं ऑफिस एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर. मधल्या खुर्चीत उज्ज्वला मॅडम, मंडळाच्या अध्यक्ष. एके काळी स्वतः खो-खो खेळलेल्या, केस पिकलेले, बोलणं तोलून मापून. त्यांनी आधी तो व्हिडिओ लावला. हणमंतरावांचा आवाज त्या खोलीत खणखणला, 'म्हशीचे आन् मलप्पाशेठचे, दोघांचेबी.' शेजारचे दोघे सभासद हसू दाबत होते. इतके दिवस आपला आवाज हणमंतरावांना गोड वाटायचा, आज तो ऐकून त्यांना खाली बघावंसं वाटलं.

"सृष्टी, याला तुझी संमती होती?"

"मॅडम, पोरीला काय बी म्हाईत नव्हतं," हणमंतराव उठूनच बोलले. "चूक माझी हाय, मीच..."

"तुम्ही बसा. मी तिला विचारलंय."

ते बसले. सृष्टी म्हणाली, "नव्हती. सत्काराच्या दिवशी मी लातूरला होते. पेंड घरी आल्याचं मला आईकडून कळलं."

हणमंतरावांचा जीव भांड्यात पडला. बोलली पोरगी. पण मॅडमचा पुढचा प्रश्न आला.

"फ्लेक्स लागून दोन महिने झाले. ते तुला रोज दिसत होते. माहीत झाल्यावर खेळाडू गप्प राहिला, तर आम्ही ती संमतीच धरतो. तू का गप्प राहिलीस?"

हा प्रश्न सरांनी सांगितला नव्हता. हणमंतरावांनी सरांकडं पाहिलं, सर टेबलाकडं बघत होते. झालं, गेलं सगळं, असं हणमंतरावांना वाटलं.

"गप्प राहिले नाही, मॅडम," सृष्टी म्हणाली. "एक फ्लेक्स आमच्या हॉस्टेलच्या चौकातच आहे. मी शेठच्या लातूरच्या दुकानात गेले होते. काढा म्हणून हात जोडले. ते म्हणाले, तुझ्या वडिलांना विचार. सर होते सोबत."

भुजंग सरांनी मान हलवली. "होतो, मॅडम. ती रडत होती."

"मग वडिलांना विचारलं नाहीस?"

"नाही."

"का?"

"दादा रोज फोन करून सांगायचे, आज अमक्या फाट्यावरचा फ्लेक्स बघितला, आज तमक्या गावचा बघितला. लई खूश होते." "हॉस्टेलच्या पोरी मला म्हैस म्हणतात, मॅडम. मेसमध्ये गेले की हंबरतात. मैदानात दुसऱ्या कॉलेजची पोरं सुद्धा हंबरतात. मी जेवायला सगळ्यांच्या शेवटी जाते. माझा फोटो कुठला लावायचा, कशाच्या शेजारी लावायचा, कुणीच मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं."

हे पढवलेलं नव्हतं. एस.टी.त जे घोकून घेतलं त्यातला एक शब्द यात नव्हता. हणमंतरावांना हवं तेच लेक बोलली होती, आणि ते ऐकून त्यांना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. ही दोन महिने घरी का आली नाही ते त्यांना आत्ता कळलं.

"हे खरं आहे का, बिराजदार?" मॅडमनी विचारलं. "तुम्ही तिला विचारलं नव्हतं?"

"न्हाई इचारलो."

"एकदाही?"

"माझीच पोरगी हाय, तिला काय इचारायचं, म्हनलो."

तिघांनी आपसात बोलून घेतलं. सृष्टीवर दोष येत नव्हता. तिनं पुण्याला जायचं. अट एवढीच, संघ निघायच्या आत रस्त्यावरचे सगळे फ्लेक्स उतरले पाहिजेत, आणि यापुढं वडिलांनी तिच्या नावानं सुपारीचं खांडही घ्यायचं नाही. दुकानदाराला मंडळ कळवेल. त्याला जाहिरात हवीच असेल, तर त्यानं सृष्टीशी बोलावं, करार मंडळाला दाखवावा आणि मानधन तिच्या खात्यात भरावं.

"तुझी तयारी असेल तर," मॅडम तिला म्हणाल्या.

"विचार करून सांगते," सृष्टी म्हणाली. "पण म्हैस नको."

परतीच्या गाडीत हणमंतराव एकटेच मागच्या सीटवर बसले. पोरगी खेळणार होती. मनासारखं झालं होतं. लातूरला सृष्टी उतरली. "जाते, दादा" म्हणाली. ते मान हलवत राहिले आणि गाडी सुटली.

दुसऱ्या दिवसापासून ते मोटरसायकलवर शिडी आडवी बांधून निघाले. मंडळाचा निरोप मलप्पाशेठला पोचला होता. तो घुश्शात होता, पण "तुमच्या हातानंच काढा" एवढं बोलून बाजूला झाला. हणमंतराव एकेका फाट्यावर थांबायचे, शिडी लावायचे, विळ्यानं दोऱ्या कापायचे. ओळखीची माणसं विचारायची, "कामून काढून राहिलाव? लई झ्याक दिसत होता की." त्यांना काय सांगणार? हॉस्टेलच्या चौकातला फ्लेक्स त्यांनी भल्या सकाळी, पोरी कॉलेजला निघायच्या आत उतरवला. तो काढताना पहिल्यांदाच त्यांनी नीट पाहिलं. फोटोतली सृष्टी हसत नव्हती. दम लागलेली, तोंड कोरडं पडलेली अशी होती. इतक्या वेळा बघूनही त्यांच्या हे ध्यानात आलं नव्हतं.

सगळ्या गुंडाळ्या घेऊन ते माळेवाडीला पोचले तेव्हा आभाळ भरून आलं होतं. अवकाळीचा वारा सुटला होता. अंगणात अयोध्याबाई जोंधळ्याच्या कडब्याच्या बनिमीकडं, म्हणजे त्या रचलेल्या ढिगाकडं, काळजीनं बघत उभ्या होत्या.

"बरं झालं, आणलाव ते," त्या म्हणाल्या. "टाका बनिमीवर. कडबा भिजल न्हाई तर."

यात नवं काही नव्हतं. गावातली एक बनीम उघडी नसते. निवडणूक सरली की सगळ्या पक्षांचे उमेदवार हात जोडून कडब्यावर उताणे पडलेले असतात. हणमंतराव सुतळी घेऊन वर चढले, एक गुंडाळी उलगडली. लेकीचा चेहरा वर आला. ते तिथंच कडब्यावर बसले.

"आता काय मुहूर्त बघून राहिलाव?" खालून अयोध्याबाई म्हणाल्या. "थेंब पडून राहिलेत."

हणमंतरावांनी खिशातून फोन काढला.

"सृष्टे, कामात हायस का?"

"न्हाई. बोला, दादा."

"फ्लेक्स काढलो समदे. चौकातलाबी." ते थांबले. "तुझी आई म्हनती, बनिमीवर टाका. पाऊस यून राहिलाय. पर तुझा फोटू हाय ह्यावर. टाकू का?"

फोन कटला की काय म्हणून त्यांनी कानापासून काढून बघितला. कडब्यावर थेंब टपटपत होते आणि अयोध्याबाई खालून ओरडत होत्या.

"घाई न्हाई," हणमंतराव म्हणाले. "भिजला कडबा तर भिजू दे. तू सांग."

मग पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ सृष्टी हसली. दोन महिन्यांत त्यांनी तिचं हसणं ऐकलं नव्हतं.

"टाका," ती म्हणाली. "पण उलटा टाका, दादा."

हणमंतरावांनी फ्लेक्स पालथा घातला आणि चारी कोपरे सुतळीनं आवळून बांधले.